सात वाजताची हजेरी

दुपारी अडीचच्या सुमाराला रुईफांग दवाखान्यातल्या खुर्चीत आडवी होते. दात काढायच्या खुर्चीत झोपायची सवय तिला लहानपणापासूनची. मिरजेच्या उन्हाळ्यात तान कुटुंबाच्या घरातली सगळ्यात गार जागा तीच. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. रस्त्याकडचं शटर अर्धं ओढलेलं, आणि चार वाजेपर्यंत ते वर सरकवायचं नाही असा घराचा शिरस्ता.

वरची जेवणं झाली आहेत. आज छिंगमिंग, चिनी माणसांचा पितरांचा दिवस; आणि येये, म्हणजे तिचे आजोबा, गेल्यापासूनचा पहिलाच. सकाळी फोटोपुढे भात, वाफवलेला मासा, संत्री आणि चहा मांडून झाला. शेवटी बाबांनी त्या पंगतीत एक पाण्याचा पेला आणून ठेवला. पेल्यात येयेंची कवळी.

ती ठेवताना कुणी कुणाकडे बघितलं नाही. साठ वर्षं आख्ख्या तालुक्याला कवळ्या करून देणाऱ्या घरानं आपल्याच म्हाताऱ्याला बोळक्या तोंडानं निरोप दिला, हे गावात कळलं तर लोक हसून हसून मरतील. कवळी बसवायचं काम रुईफांगवर सोपवलं होतं. तिनं ती हातात घेतली, तर मागच्या बाजूला चहाचे डाग. अशी कशी बसवायची? ती मोरीत गेली, सोडा घेतला, बारीक ब्रश घेतला, एकेक दात घासला. नीटनेटकेपणा हा तिचा गुण, असं शाळेपासून सगळे सांगत आले आहेत. ती बाहेर आली तेव्हा येयेंना घेऊन निघालेली गाडी कोपऱ्यावरून वळत होती.

त्याला आता पाच महिने झाले. पण आज तिच्या छातीवरचं ओझं तेवढंच नाही. फोनमध्ये आठ दिवसांपासून एक पत्र येऊन पडलंय. हिमाचलात, स्पितीच्या खोऱ्यात, दगडफुलावर संशोधन. मसाल्यात घालतो तेच दगडफूल, पण तिकडे ते शेकडो वर्षं एका दगडाला धरून जगतं. तीन वर्षं तिथंच राहायचं. जागा मिळाली आहे, फक्त ‘येते’ म्हणून कळवायचंय, आणि मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

बाबांना तिनं हे मुदतीसकट सांगितलं होतं. त्यांनी भाताचा घास गिळला आणि म्हणाले, “आपल्यात असं चालत नाही.”

आपल्यात म्हणजे तान कुटुंबात. तान कुटुंबात संध्याकाळी सातला सगळी माणसं जेवायच्या टेबलाशी असतात. आजारी असो, परीक्षा असो, सात म्हणजे सात. बाबा याला हजारो वर्षांची रीत म्हणतात. या रितीपायी रुईफांग पाच वर्षं कोल्हापूरला रेल्वेनं जाऊन-येऊन शिकली, वर्गाच्या एकाही सहलीला मुक्कामाला गेली नाही, आणि तेवीस वर्षांत एकदाही मिरजेबाहेर झोपली नाही.

छताचा पंखा फिरतोय. पाती मोजता येतात तोवर माणूस जागा, हे तिचं स्वतःचं मोजमाप. तीन पाती. तीन. तीन.

पाच.

खुर्ची वर उचलली जाते. पायाशी कुणीतरी पेडल दाबतंय, खर्र, खर्र, प्रत्येक खेपेला बोटभर.

“आ कर,” येये म्हणतात.

ती आ करते. ते आपल्या गोल स्टुलावर बसलेत, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा डगला, कपाळावर भिंग. हाताला लवंगेच्या तेलाचा वास. ते आहेत याचं तिला आश्चर्य वाटत नाही. भिंग कपाळावर इतकं सरळ कसं बसलंय याचं मात्र वाटतं, ते नेहमी डावीकडे कलायचं.

“जेवलीस?”

“अं.”

“मासा कसा झालता?”

“अं.”

“मीठ कमी. तुझ्या आईचा हात मिठाला आखडतोच.” ते आरसा फिरवतात. “पोटभर खाल्लंस न्हवं?”

“अं!”

येयेंची मराठी अशीच. ती त्यांना शिकवली दात दुखणाऱ्यांनी. म्हैसाळ, बेडग, आरग, मालगाव, जिकडून तिकडून लोक गाल धरून यायचे. त्यांच्या तोंडून जी भाषा बाहेर पडली ती येयेंनी उचलली. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात ‘आई आई गं’ फार, आणि शिव्याही अस्सल. घरात चिनी, दवाखान्यात ही. आता दवाखान्यात आहेत म्हणून ही.

ते हसतात आणि तिला दात दिसतात. वरचे, खालचे, सगळे.

ती तोंड मिटून उठून बसते. “येये, दात! कवळी तर वर पेल्यात आहे.”

“ती जुनी. ही तिकडं गेल्यावर केली. गेल्या गेल्या काम मिळालं बघ. लई बोळके हायत तिकडं. आन् सगळे म्हणत्यात, आधी माझी, आधी माझी. म्हटलं, मेलाय की आता, घाई कसली?”

“माझी चूक झाली. मी घासत बसले. मला वाटलं, डाग घेऊन कसं पाठवायचं.”

“निघाले का डाग?”

“निघाले.”

“मागचे बी?”

“मागचेसुद्धा. सोड्यानं.”

“मग चूक कसली? काम चांगलं झालं, गाडी लवकर गेली. गाडीवाल्याला सांग काय ते.” ते तिच्या गुडघ्यावर थाप मारतात. हात गार आहे, दातांचे साचे करायच्या ओल्या प्लास्टरइतका. ती पायांकडे बघते तर खाली फरशी नाही, शहाबादी लाद्या आहेत. खुर्चीही नाही. दोघं एका लांब बाकावर बसलेत आणि बाकाच्या टोकाला खाकी कपड्यातला एक हवालदार मोठी वही उघडून बसलाय. वर पंखा तोच, पाच पात्यांचा.

येयेंचे केस काळे आहेत. सत्तावीस-अठ्ठावीसचे दिसतात. शर्टाची वरची गुंडी लावलेली.

“नाव?” हवालदार विचारतो.

“तान क्वांगमिंग.”

“आज कुठं गेलता?”

“कुठं नाही.”

“परत कधी आलास?”

“गेलोच नाही.”

“कर सही.” हवालदाराचा एक गाल सुजलाय. तो हळूच म्हणतो, “डॉक्टर, ही दाढ काय झोपू देईना बघा.”

“उद्या या. काढून टाकू.”

येये सही करतात. तीन चिनी अक्षरं, खाली मराठीत तान. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजलेत. काटे हलत नाहीत.

“हे काय आहे?” रुईफांग विचारते.

“चीनशी लढाई झाली न्हवं का, त्या वर्षीपासनं. आमचं तोंड असं, नाव असं. गाव सोडायचं तर अर्ज करायचा. नाही सोडलं तरी इथं येऊन सांगायचं, की बाबा, सोडलं नाही.” त्यांचा आवाज साधा आहे, पावसाचं सांगावं तसा. “रोज सातला सही. माणसं वाईट न्हवती. ह्याची दाढ मीच काढली. पर वही ती वहीच.”

“आणि मग घरी?”

“मग घरी जाऊन माणसं मोजायची. तुझी आजी, तुझा बा, दोन्ही आत्या. एखादं कमी निघालं तर उद्या मी हितं काय सांगू? पुढं वही बंद झाली. मोजायचं काय सुटंना. तुझ्या बानं ते भातासंगं खाल्लं.”

ती थांबते. तिला मोजमापं आवडतात आणि हे मोजमाप चुकतंय. “बाबा म्हणतात, ही हजारो वर्षांची रीत आहे.”

“हजारो कुठली? बासष्टची.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?”

येये शर्टाची वरची गुंडी काढतात. केस पुन्हा पांढरे होतात, एकेक करून, मागून पुढे. “पोराला काय सांगू, तुझा बाप भ्यायलाय म्हणून? रीत म्हटलं की बरं दिसतंय.”

हवालदाराची वही मिटते तसा मोठा आवाज होतो, आणि तो इंजिनाचा निघतो. मिरजेचा फलाट. तिचाच, रोजचा, कोल्हापूरच्या गाडीचा. पण रुळांच्या जागी पांढरं प्लास्टर ओतलंय, अजून ओलं, आणि त्यात दूरपर्यंत माणसांच्या दातांचे ठसे उमटलेत. तिच्या हातात चहाचा कप आहे. ती तो दोन्ही हातांनी येयेंपुढे धरते, मान किंचित खाली, शिकवल्याप्रमाणे. ते दोन्ही हातांनी घेतात.

त्यांच्या घरात आभार मानत नाहीत. मानले तर समोरचा विचारतो, काय झालं, बरं नाही का? पण इथं विचारणारं कुणी नाही.

“येये, मी सात वर्षांची असताना तुम्ही मला भिंग दिलं होतं.”

“दिलं न्हवतं. तू पळवलंस. दोन दिवस मी डोळे बारीक करून दात लावले. एका पाटलाला वाकडा बसला. तो तसाच हसत गेला मरेस्तोवर.”

“त्या भिंगातून मी मागच्या भिंतीवरचं दगडफूल बघितलं. तुम्ही म्हणालात, आधी सगळं बघ, मग बोल. कॉलेजात मला कुणी यापेक्षा जास्त काही शिकवलं नाही. मला जे बघता येतं ते...” ती त्यांच्या कपाळाकडे बोट करते. “ते तुमच्या भिंगातलं आहे. हे सांगायचं राहिलं होतं.”

येये चहा फुंकतात. बराच वेळ फुंकतात. “गार झाला,” ते म्हणतात, आणि डोळ्यांवर भिंग ओढून घेतात. भिंगामागे डोळे मोठे आणि ओले दिसतात. “बरं, माझ्या पेशंटला कुठं टोचतंय?”

“कोण पेशंट?”

“तूच की. आठ दिस झाले, एका बाजूनं चावतीस. मी बघतोय.”

“सगळंच टोचतंय, येये. घर, नियम, ‘आपल्यात असं चालत नाही’. सगळं काढून फेकावंसं वाटतं. आणि मग लाज वाटते.”

“सगळे पेशंट हेच म्हणत्यात. डॉक्टर, आख्खी कवळी टोचतीया, फेका तिला. आपण फेकत नसतो.” ते डगल्याच्या खिशातून निळा कागद काढतात. बोटभर रुंद, दोन्ही बाजूंनी शाईचा. कवळी कुठं उंच आहे ते पेशंटला कधी सांगता येत नाही. तो गाल दाखवतो, कान दाखवतो. कागद चावायला दिला की उंच जागा निळी होते. “चाव. आता घास. डावीकडं. उजवीकडं. आ कर.”

ती चावते, घासते, आ करते. कागदाला मेणाची चव आहे. ते आत बघतात, इतके जवळून की तिला त्यांचा श्वास ऐकू यावा, पण श्वास नाही.

“दोन्ही हातांनी चहा देतीस. टोचतंय?”

“अंहं.”

“मोठ्यांच्या आधी चमचा उचलायचा न्हाई. टोचतंय?”

“अंहं.”

“ह्या दिवशी माझ्या फोटोपुढं मासा. बिनमिठाचा का असंना.”

तिला हसू येतं, तोंड उघडं ठेवून. “अंहं!”

“संध्याकाळी सात.”

ती तोंड मिटू बघते. फलाटावरचं घड्याळ तिच्याकडे बघतंय.

“हां,” येये म्हणतात. “एकच ठिपका. जोंधळ्याएवढा. आन् तू आख्खी कवळी फेकाय निघालतीस.”

ते घासायला लागतात. दुखत नाही. बारीक सूं असा आवाज, तो वाढत जातो आणि गाडी येते. डबे रिकामे, खिडक्यांत निळसर उजेड. येये उठतात. त्यांच्या हातात सामान काही नाही, फक्त चहाचा कप.

“येये, मी जाऊ?”

“मला काय इचारतीस? मी मिरज सोडून कधी कुठं गेलतो? आत्ता गेलो तेवढाच.” ते पायरीवर चढून थांबतात. “तिकडं सातला कुणी मोजत न्हाई. पहिले चार दिस मजा वाटली. मग चुकल्यासारखं झालं. मोजणारं माणूस असावं, पोरी. पर त्यानं दारात आडवं पडून मोजू नये.”

“हे मला माहीत नव्हतं,” ती म्हणते. गाडी हलते आणि तीही चालायला लागते. प्लास्टर पायाखाली मऊ आहे. “चौकीचं मला कधीच कुणी सांगितलं नाही. मग माझ्या डोक्यात हे आलं कुठून?”

“शोध की! एवढं शिकवलंय ते कशाला?” ते ओरडतात, आणि सगळे दात दाखवून हसतात.

“फांग. ए फांग, ऊठ. चार वाजायला आले. शटर वर करायचंय.”

बाबा. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, डोळ्यांत अर्धी झोप. पंखा फिरतोय, तीन पाती. रुईफांग मोजून घेते.

“हे ओठाला काय लागलंय तुझ्या?” बाबा वाकतात. त्यांचा हात आपसूक ट्रेकडे जातो आणि आरसा उचलतो. “आ कर.”

ती आ करते. बाबा आत बघतात आणि बघतच राहतात.

“डावी, वरची. निळी झालीय. कागद चावलास?”

“नाही.”

“मग? ते पाकीट तर...” ते भिंतीतल्या कपाटाकडे वळतात. कपाटाला कुलूप. किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला. ते किल्ली चाचपतात, कुलूप ओढून बघतात. पुन्हा तिच्याकडे येतात. तिच्या हातात आरसा देतात. तीही बघते. पहिल्या दाढेवर एक ठिपका, कडा स्वच्छ, रंग गडद. ती झोपण्यापूर्वी काय खाल्लं, कशाला हात लावला, सगळं एकदा मनात तपासते. मासा, भात, संत्रं. यातलं निळं काही नाही. कारण शोधायला पुढे वेळ आहे. आत्ता तिला दुसरंच काही तपासायचंय, कारण स्वप्नाला ती पुरावा मानत नाही.

“बाबा, तुम्ही लहान होतात तेव्हा येये संध्याकाळी सातला कुठं जायचे?”

“चौकीत,” बाबा लगेच म्हणतात. “सही करायला. मलाही न्यायचे. तिथला हवालदार मला लिमलेटची गोळी द्यायचा. मला कित्येक वर्षं वाटायचं, आपण रोज गोळीसाठीच जातो.” ते हसतात. “तुला कुणी सांगितलं?”

“आणि घरी आल्यावर?”

“घरी आल्यावर जेवण. म्हणजे आधी मोजायचे ते. एक, दोन, तीन, चार. असं बोट करून. त्यांचं मोजून होईपर्यंत आई वाढायची नाही. मग आपल्याकडं ती...”

बाबा थांबतात. टॉवेल खांद्यावरून घसरतो, तो ते उचलत नाहीत. येयेंच्या गोल स्टुलावर बसतात. रस्त्यावरून एक रिक्षा जाते, दुसरी जाते. रुईफांग बघते की बाबांचा अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लागतोय. एक, दोन, तीन, चार.

“मी कधी जोडून बघितलंच नाही,” ते शेवटी म्हणतात. “मी तुला सांगत आलो, हजारो वर्षांची म्हणून.”

“त्यांनी तुम्हाला तसंच सांगितलं होतं.”

“हो. तसंच सांगितलं होतं.”

तिला त्यांचा हात धरावासा वाटतो. त्यांच्या घरात धरत नाहीत. ती खुर्चीतून उतरते आणि टॉवेल उचलून, झटकून, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरते. “बाबा, मला तिकडे जायचंय. रोज सातला मी फोन करेन. तुम्ही टेबलावर मोजा, मलाही त्यात धरा. माझ्या वाटणीचं मीठ आईला घालू दे माशात.”

बाबा टॉवेल घेतात. तोंड पुसतात, पुष्कळ वेळ.

“तिथं फोन लागतो का?”

“बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे काय? शास्त्रज्ञ ना तू?”

“दहातले सात दिवस लागतो. नाही लागला तर दुसऱ्या दिवशी दोनदा करेन.”

“आणि थंडी?”

“उणे पंचवीस. थंडीत.”

“थंडीत उणे पंचवीस,” बाबा म्हणतात. “मग उन्हाळ्यात काय, मिरज? त्या दगडफुलाला जगायला दुसरी जागा मिळाली नाही?” ते उठतात, शटरला हात घालतात, मग मागे वळतात. “चूळ भर आधी. पेशंट म्हणतील, डॉक्टरच्या पोरीनं दौत प्यायली.”

ती खुर्चीशेजारच्या भांड्यापाशी वाकते, चूळ भरते, थुंकते. पांढऱ्या चिनी मातीवर पाणी निळं पडतं. फिकट नाही, चांगलं निळं. गोल फिरत ते भोकाकडे जातं आणि मागे एक बारीक रेघ ठेवतं. बाबा शटर सोडून जवळ आलेत. दोघं वाकून बघतात, रेघ आहे तशी आहे.

ती पुसायला बोट पुढे करते.

“राहू दे,” बाबा म्हणतात. “आधी वर जा आणि त्या पत्राला ‘येते’ म्हणून कळव. पाच वाजतील.”